रुसलेल्यांची वाट बघणाऱ्या बाई

बाई इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर दोन बोटांनी टकटक करायच्या. आत माणूस नसायचा. आत काचेच्या चपट्या प्लेटा एकीवर एक रचलेल्या असायच्या आणि त्यांत लोकांच्या लघवीतले, थुंकीतले, जखमांतले जंतू वाढायला ठेवलेले असायचे. तरी बाई टकटक करायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मगच दार उघडायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, दार अडकत असेल. तिसऱ्या दिवशी विचारायचं ठरवलं, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाईंनीच मान वळवून सांगितलं, "अगं, कोणाच्या घरात शिरताना आपण सांगून शिरतो की नाही?"

मी मान हलवली. पहिलं वर्षभर मी त्यांच्याशी मान हलवूनच बोलत होते.

ती लॅबोरेटरी सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली साड्यांच्या गाठोड्यांची गोदामं होती, दिवसभर टेम्पो लागायचे. मला तिथे प्लेटा, नळ्या आणि बाटल्या धुवायचं काम मिळालं होतं. तेव्हा प्लेटा काचेच्या असत, फेकून देत नसत. वापरलेल्या प्लेटा आधी मोठ्या वाफेच्या भांड्यात घालायच्या, त्याला सगळे मोठा कुकर म्हणत. आतलं सगळं मेलं की मग घासायच्या, सुकवायच्या, कागदात गुंडाळून पुन्हा तापवायला द्यायच्या.

त्याआधी मी डिंडोलीत घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचे. आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायका ते करायच्या. गोंदाचा थेंब, त्यावर टिकली, पुन्हा थेंब, पुन्हा टिकली. साडी झाली की ती उजेडात तिरपी धरायची. एखादा थेंब टिकलीवाचून राहिला असेल तर तिरपं बघितल्यावरच दिसतो, सरळ बघून दिसत नाही. हे काम माझं चांगलं होतं. पण घरातला कमावता माणूस बसला, तेव्हा मला बाहेर पडावं लागलं.

आमचे हे मागावर होते. मागाच्या कारखान्याला आम्ही सगळे खातं म्हणतो. खात्यात सुताने भरलेला बीम, म्हणजे मोठा जड रूळ, यांच्या पायावर घरंगळला आणि नडगीचं हाड मोडलं. हाडाला स्टीलची पट्टी आणि स्क्रू लावले. हाड जुळलं, पण नडगीवर एक भोक राहिलं. ते महिनाभर बंद राहायचं, मग लाल व्हायचं, दुखायचं आणि पुन्हा वाहायला लागायचं. माग उभ्याने चालवायचा असतो, चार-सहा मागांत सारख्या फेऱ्या घालाव्या लागतात. ते यांना जमेना. शेठने बसून सुताच्या कांड्या भरायचं काम दिलं. हे कोणाशी नीट बोलेनासे झाले.

यातलं काहीही मी बाईंना सांगितलं नव्हतं. यजमान काय करतात असं त्यांनी विचारलं, तेव्हा "खात्यावर असतात" एवढंच म्हटलं होतं.

बाई बडोद्याच्या मराठी घरातल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. चष्मा जाड, त्याच्या दांड्यांना सुतळी बांधून तो गळ्यात अडकवलेला. पांढऱ्या कोटाच्या खिशात एक निळी पेन्सिल असायची. प्लेट बघून झाली की तिच्यावर निळी खूण करायच्या. ज्या प्लेटेवर निळी खूण नाही ती मोठ्या कुकरात घालायची नाही, असा त्यांचा मला एकच नियम होता. बाकी कशाबद्दल त्या मला कधी बोलल्या नाहीत. नळी फुटली तरी नाही.

त्या प्लेटांचा वास घ्यायच्या. झाकण जरासं उचलून, नाकाजवळ न नेता, हाताने हवा आपल्याकडे ओढायच्या, आपण फोडणीचा वास घेतो तशी. "ही द्राक्षं," म्हणायच्या. "ही ओली माती. ही, शी, उंदीर मेलाय." नंतर तपासण्या होऊन कागदावर जे नाव यायचं ते बाईंनी वासावरून आधीच सांगितलेलं असायचं. मला म्हणायच्या, "तू घेऊ नकोस हं. मी करते ते चूक आहे. पण माझ्या गुरूंनी लावलेली खोड आहे, आता जात नाही."

दुपारी डबा खाताना मला शेजारी स्टुलावर बसवायच्या. मला संकोच वाटायचा, मी भिंतीकडे तोंड करून खायचे. माझी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी त्या अर्धी मोडून घ्यायच्या, विचारायच्याही नाहीत, आणि त्यांच्या डब्यातलं थेपलं माझ्या डब्यात टाकायच्या. "तुमच्या खानदेशात ठेचा करतात की सुरुंग?" असं म्हणत डोळे पुसायच्या आणि परत घ्यायच्या.

लॅबचे मालक गुजराती डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. त्यांचं आणि बाईंचं एका शब्दावरून रोज वाजायचं. नमुना लावून दोन दिवस झाले आणि प्लेटेवर काही उगवलं नाही, की रिपोर्टवर इंग्रजीत टाइप व्हायचं की वाढ नाही. बाई त्या कागदावर, टाइप केलेल्या अक्षरांच्या डोक्यावर, निळ्या पेन्सिलीने मराठीत लिहायच्या, "अजून".

डॉक्टर कागद नाचवत आत यायचे. "बेन, पेशंट गुजराती, डॉक्टर गुजराती. आ 'अजून' कोण वांचशे?"

"जेने उतावळ नथी ए," बाई म्हणायच्या. ज्याला घाई नाही तो.

"अजून एटले शुं?"

"हजु."

"हजु! हजु एटले क्यां सुधी, बेन?" अजून म्हणजे कुठवर?

"ए तो ए लोकोने पूछो," असं म्हणून बाई इन्क्युबेटरकडे बोट दाखवायच्या. डॉक्टर कपाळाला हात लावून जायचे. बाहेर बसलेले पेशंट हसायचे.

दोन दिवसांनंतरही बाई काही प्लेटा ठेवून घ्यायच्या. सगळ्या नाही. ज्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली पू दिसला आहे, जंतू दिसले आहेत, पण प्लेटेवर कोणी उगवत नाही, अशाच. त्या सुकू नयेत म्हणून आत वाटीत ओला कापूस ठेवायच्या. त्यांना बाई "रुसलेले" म्हणायच्या. "रुसलेल्यांना पाणी दिलंस का?" असं मला रोज सकाळी विचारायच्या.

एकदा मी ओला कापूस बदलत होते आणि माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असेल. बाईंनी स्टूल ओढलं.

"हे बघ. जंतूला सुखात ठेवलं की तो वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. आपली बहुतेक औषधं काय करतात, तर वाढणाऱ्याला पकडतात. आता त्याला त्रास दे. थोडंसं औषध दे, पूर्ण नाही. उपाशी ठेव. मग बरेचसे मरतात, पण काही जण वेगळे वागायला लागतात. खाणं कमी करतात. वाढणं जवळजवळ सोडतात. अंगावरचा रंगसुद्धा टाकतात. ओळखू येत नाहीत. औषध आलं तरी ते गप्प बसून असतात. वाढतच नाही त्याला पकडणार कसं?"

मी हातातला कापूस तसाच धरून उभी होते.

"हाडात बसतात. शरीरात घातलेल्या लोखंडावर चिकट थर करून त्याखाली बसतात. महिने, वर्षं. इथे प्लेटेवर आले तरी लवकर उगवत नाहीत, आणि दोन दिवसांत आपण लिहून मोकळे, काही नाही म्हणून." बाईंनी चष्मा पुसला. "मेलेला आणि थांबलेला यांत फरक असतो गं. पण तो बघायला थांबावं लागतं."

हाड आणि लोखंड, हे दोन शब्द तर आमच्या घरातले होते. पण मी वाटी आत ठेवली, दार लावलं आणि धुवायच्या खोलीत गेले.

बाई चिडायच्या त्या फक्त एका गोष्टीवर. पेशंटने औषध अर्धवट सोडलं की. बाकावर बसलेल्या अनोळखी माणसालाही सोडायच्या नाहीत. "तीन दिवस घेतलं, बरं वाटलं, बंद केलं? मारत नाही तुम्ही त्यांना, लपायला शिकवता!" एकदा एका पेशंट बाईने पर्समधून कॅप्सूल काढून दाखवल्या, प्लेगच्या वेळच्या, "घर में पडी थी, तो ले ली" म्हणाली. तेव्हा बाईंचा आवाज खाली गोदामापर्यंत गेला असेल.

मी आत नळ जोरात सोडला. कारण माझ्या घरी त्याच कॅप्सूलचा डबा होता.

प्लेगच्या साली सुरतेत ज्याला मिळतील त्याने त्या कॅप्सूल घेतल्या. आम्हीही घेतल्या, दिराने कुठून तरी आणखी आणल्या, आणि आम्ही गावी पळालो. परत आलो तेव्हा बिस्किटाचा पत्र्याचा डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. औषध फेकायचं कसं? मी तो जपून ठेवला. मग यांचा पाय वाहायला लागला. एकदा घरात साखरपुडा होता, पायाला वास येत होता, लोक नाक मुरडतील म्हणून मी यांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कॅप्सूल दिल्या. तीन दिवसांत पाय कोरडा. मग ती रीतच पडली. पाहुणे येणार असले, लग्नाला जायचं असलं, की डबा निघायचा. काम झालं की डबा बंद.

आणि डॉक्टरकडे जायचं असलं की सुद्धा. मोठ्या डॉक्टरांपुढे तसला घाणेरडा पाय कसा न्यायचा, याची मला लाज वाटायची. दोन दिवस आधीपासून कॅप्सूल, आणि निघताना जखम जंतुनाशकाने स्वच्छ धुऊन नवी पट्टी.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी यांना सांगितलं, की दोनदा पू तपासला, दोन्हीदा काही निघालं नाही. आता तिसऱ्यांदा तपासू. जंतूच मिळत नसेल तर औषध कुठलं देणार? आणि हाड असंच आतून कुजत राहिलं तर गुडघ्याखाली कापावं लागेल. संक्रांत झाली की या, मग ठरवू. आणि त्यांनी जी चिठ्ठी दिली, ती आमच्याच लॅबची.

हे आले तेव्हा मी धुवायच्या खोलीत दाराआड उभी राहिले. नवऱ्याला अनोळखी केलं मी त्या दिवशी. बाईंनी पट्टी सोडलेली मला ऐकू आली.

"हे काय? चिठ्ठीत लिहिलंय वाहती जखम. ही तर नवरदेवासारखी नटून आली आहे. काय लावलं? काही औषध घेतलं?"

"काही नाही," हे म्हणाले. मीच तसं सांगून ठेवलं होतं. बोलताना यांनी माझ्या दाराकडे बघितलं असणार, कारण फटीतून दिसलं, बाईंनीही बघितलं. मी नळ सोडला.

बाईंनी बराच वेळ दाबून आतून एक थेंब काढला. सूक्ष्मदर्शकावर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. "आहेत," त्या पुटपुटल्या. "थोडे आहेत, पण आहेत." दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी, तिसऱ्या दिवशी कोरी. रिपोर्ट गेला, वर निळं "अजून" घेऊन. प्लेट रुसलेल्यांत गेली.

संक्रांतीला सुरतेत उत्तरायण म्हणतात आणि त्या दिवशी सगळं शहर गच्चीवर असतं. दोन दिवस लॅब बंद राहणार होती. आदल्या दिवशी बाई बँकेत गेल्या असताना मालक आत आले आणि मला म्हणाले, "इन्क्युबेटर खाली कर दो. सब साफ. दो दिन कोई नहीं आएगा."

मी निळ्या खुणेची एकेक प्लेट काढून मोठ्या कुकरात रचली. शेवटी यांची एकच राहिली. झाकणावर यांचं नाव होतं आणि निळी खूण नव्हती. मालक बाहेर फोनवर बोलत होते. मी आयुष्यात कोणाची सांगितलेली गोष्ट मोडली नव्हती. ती प्लेट मी परत आत ठेवली, अगदी मागे, आणि वाटीतला कापूस ओला केला. दार लावताना माझाही हात दोनदा दारावर पडला.

उत्तरायणाच्या सकाळी मी तिळाचे लाडू बांधून घेतले आणि निघाले. हे दारात पाय लांब करून बसले होते. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. "आज? आखं सुरत गच्चीवर शे, आनि तू बश्या धोवाले चालनी?" मी चप्पल घातली. यांना पतंगाचा फार नाद. त्या वर्षी जिना चढले नव्हते.

रिक्षा मिळाली नाही, चालतच गेले. रस्ते मोकळे, वर आभाळ पतंगांनी भरलेलं, विजेच्या तारांवर मांज्याचे गुंते. कुठून तरी एकसारखी आरोळी येत होती, "काप्योऽऽ!" पतंग कापला की ओरडतात तसं, पण दर आरोळीला मला यांचा पाय आठवायचा.

लॅबच्या जिन्यावर बाई किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. मला बघून थबकल्या.

"तू कशाला आलीस?"

"तीळगूळ द्यायला."

"डिंडोलीहून चालत? खोटं बोलतेस तू." पण लाडू घेतला. "मी आले कारण मला घरी कोणी नाही. तुला तर आहे ना?"

आत इन्क्युबेटर रिकामा असेल म्हणून त्या आधीच चिडल्या होत्या. मालकांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं. तरी टकटक केलीच. दार उघडलं, आणि मागे एक प्लेट बघून माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. त्यांनी प्लेट बाहेर काढली. प्लेट घेऊन खिडकीशी गेल्या, चष्मा वर-खाली केला, बराच वेळ बघितलं.

"अजून नाही," म्हणाल्या. आणि मग, मी पहिल्यांदाच ऐकलं असं, "कदाचित या वेळी खरंच नसतील." त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली.

मी त्यांच्या शेजारी होते. प्लेट त्यांच्या हातात सरळ होती. माझ्या बाजूने ती जराशी तिरपी दिसत होती, आणि जंतूंसाठी आत ओतलेल्या लाल खाद्यावर, कडेच्या जवळ, गोंदाचे थेंब राहून जावेत तसं काहीतरी चमकलं. सुईच्या टोकाएवढं. एक नाही, बरेच.

बोलावं की नाही. बाईंना नाही दिसलं ते मला कसं दिसेल. मी कोण, चौथी शिकलेली, प्लेटा धुणारी. बाहेर पुन्हा कोणीतरी "काप्योऽऽ" ओरडलं.

"बाई," मी म्हटलं, "आहेत."

"काय?"

"रुसलेले. तिरपं धरा."

बाईंनी प्लेट तिरपी धरली. मग भिंग आणलं. मग स्टुलावर बसल्या. "अगं बाई," असं म्हणाल्या, आणि नंतर काही वेळ फक्त भिंगातून बघत राहिल्या. "माझे डोळे गेले म्हणायचे. किती दिवसांपासून गेले असतील? किती प्लेटा मी अशाच..." हे त्या स्वतःशीच बोलत होत्या.

मग वर बघून म्हणाल्या, "तू का आलीस आज?"

"ते... आमचे आहेत."

"कोण आमचे? जंतू?"

"पेशंट."

बाईंनी प्लेट खाली ठेवली. धुवायच्या खोलीच्या दाराकडे त्यांनी एकदा बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं जुळलं असावं. "मग आता खरं सांग. जखम कोरडी कशी होती?"

मी सांगितलं. डबा, साखरपुडा, पाहुणे, लग्नं. सांगताना माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"आणि डॉक्टरकडे जायच्या आधी?"

"तेव्हापण. बरं दिसावं म्हणून."

"बरं दिसावं म्हणून!" बाई उभ्या राहिल्या. "फोटो काढायला जाताना पावडर लावतात तशी? अगं, तीनदा तपासला तो पाय, तीनदा तू त्यांना आधी मार देऊन लपायला लावलंस, आणि मग आम्ही शोधत बसलो! आणि त्या जुन्या कॅप्सूल, त्या किडनीला लागतात, माहीत आहे तुला? पाय गेला असता, पाय! आणि तू माझ्या शेजारी बसून रोज भाकरी खात होतीस!"

मी रडायला लागले. बाई ओरडायच्या थांबल्या. त्यांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे माहीत नसावं. त्यांनी दुसरा लाडू घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "खा. मग हात धू. आपल्याला काम आहे."

त्यांनी तारेच्या टोकाने ते ठिपके उचलून नव्या प्लेटेवर ओढले. मग त्यांच्यातून पुढच्या प्लेटेवर. काही दिवसांनी बाईंनी मला बोलावून दाखवलं. लाल प्लेटेवर मोठे गोल, सोनेरी पिवळे, भरल्या अंगाचे. "बघ. मार थांबला, पोटभर मिळालं, रुसवा गेला. रंगसुद्धा परत आला. हेच ते. आता यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघता येईल."

ठिपक्यांची जुनी आणि ही सोनेरी, अशा दोन्ही प्लेटा स्टीलच्या डब्यात घालून, डबा फडक्यात बांधून आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी त्यांच्या दारावरही दोनदाच टकटक केली आणि उत्तराची वाट बघितली. डॉक्टर म्हणाले, "पण रिपोर्टमां तो कंई नथी."

"रिपोर्ट पर 'अजून' लखेलुं हतुं."

"मने मराठी नथी आवडतुं, बेन." मराठी येत नाही, असं.

"तो पूछवुं जोईए ने," बाई म्हणाल्या, मग विचारायचं ना. मग माझ्याकडे वळल्या. "सांग. कॅप्सूलचं सांग."

मी सांगितलं. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, जमेल तसं. माझ्या जन्मात मी एवढं लांब बोलले नव्हते. डॉक्टर ऐकत होते, रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही प्लेटा खिडकीत नेऊन बघितल्या. पाय कापायचं ठरलं नाही. पट्टी आणि स्क्रू काढायचे, मेलेलं हाड खरवडून काढायचं आणि मग नेमकं औषध, आधी सुया, नंतर गोळ्या, कित्येक महिने. एकही दिवस चुकवायचा नाही, असं ठरलं.

काढलेली पट्टी बाईंनी मागून घेतली. तिच्यावर साबण वाळल्यासारखा एक पातळ थर होता. "हे त्यांचं घर," मला म्हणाल्या. पत्र्याचा डबाही त्यांनी माझ्याकडून आणवला आणि कॅप्सूलची वासलात स्वतः लावली. डबा धुऊन मला परत दिला. मी त्यात शेव ठेवते.

आणि एक वही दिली. लॅबचं कोरं रजिस्टर होतं. "रोज एक ओळ लिहायची. गोळी दिली का, आणि जखम कशी आहे. मला दाखवायची."

माझं अक्षर लागेना. शाळा सुटल्यावर मी किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी लिहिलं, गोळी दिली, पू नाही. बाईंनी "नाही"च्या आधी निळ्या पेन्सिलीने "अजून" घातलं. दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने मीच लिहायला लागले, गोळी दिली, पू अजून नाही.

हे वैतागायचे. एका लग्नाला पायाला जाड पट्टी घेऊनच जावं लागलं. जुन्या कॅप्सूल गेल्या होत्या, तर दुकानातून आणून दे म्हणून हे म्हणाले, "दोन दी टाक ना, कोनले समजस?" दोन देऊन टाक, कोणाला कळणार आहे? मी नाही म्हटलं. "पाय मना शे का तुनी बाईना?" मी म्हटलं, दोघांचा. हे बघतच राहिले. मी उलट उत्तर दिलेलं यांना नवीन होतं.

राखीपौर्णिमेच्या सुमारास जखम मिटली. मिटलेलीच राहिली. दिवाळीनंतर हे पुन्हा मागावर उभे राहिले.

बाईंचं मात्र त्या लॅबमध्ये फार दिवस राहिलं नाही. त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं, माझे डोळे चालत नाहीत, मी बघून सही करणं बरोबर नाही. डोळ्यांचं ऑपरेशन करायला आणि भावाकडे राहायला त्या बडोद्याला निघाल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर त्या आत आल्या, इन्क्युबेटरवर दोनदा टकटक केली, क्षणभर थांबल्या, आणि दार न उघडताच वळल्या.

मी त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेली. आभार मानायचे म्हणून रात्रभर वाक्य पाठ केलं होतं, ते आलंच नाही. कागदात बांधलेल्या दोन कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा त्यांच्या हातात दिला. "सुरुंग," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर खिशातली निळी पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली. "येईन मी. प्लेटा बघायला नाही, पाय बघायला."

ती वही अजून माझ्याकडे आहे. हे सगळं मी तिच्याच मागच्या पानांवर लिहिते आहे. पेन्सिल आता बोटाएवढी उरली आहे, म्हणून ती वर्षातून एकदाच काढते. उत्तरायणाच्या सकाळी यांना उजेडात बसवते, पाय तिरपा धरायला लावते आणि नडगीवरची खूण बघते. हे पतंग हातात घेऊन घाईत असतात. म्हणतात, "इतला वरीस व्हयना, आते तरी नुसतं 'नही' लिखी टाक."

इतकी वर्षं झाली, आता तरी नुसतं नाही लिहून टाक. हे गच्चीवर जातात. मी वही उघडते आणि निळ्या पेन्सिलीने दोन ओळी लिहिते.

पू अजून नाही.

बाई अजून आल्या नाहीत.